निर्लेखन

गॅरेजवाल्या चाचांनी खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या लाउडस्पीकरच्या पाठीमागे असतं तसं गोल, मधे भोक असलेलं, कडेचा टवका उडालेलं. ते जीपच्या बोनेटवर ठेवताच टक् करून चिकटलं. मग भाकरी थापावी तसा तळहात फिरवत त्यांनी ते मडगार्डवर आणलं, तिथून मागच्या पत्र्याकडे नेलं. चुंबक कुठे घट्ट बसे, कुठे नुसतं टेकून राही. मागच्या चाकाच्या वर आल्यावर त्याची पकड सुटली आणि ते धुळीत पडलं. चाचांनी ते उचललं, फुंकर मारून पुसलं आणि त्या जागेभोवती खडूने गोल काढला. "आठे लांबी भरेल शे," ते म्हणाले.

लांबी म्हणजे सडलेल्या पत्र्याची भोकं बुजवायला रंगारी भरतात तो लगदा. वरून रंग मारला की तो डोळ्यांना कळत नाही, बोटांनाही कळत नाही, चुंबकाला कळतो. अर्ध्या तासात त्या जीपवर खडूचे अकरा गोल झाले. गाडीचे मालक, त्यांना गावात सगळे नाना म्हणतात, गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. प्रत्येक गोलानंतर ते धोतराचा सोगा सारखा करत. घरातल्या माणसाला कोणी चारचौघांत उघडं करून तपासावं, तसं त्यांना वाटत असणार. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

हे गाव शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या उत्तरेचं. घराच्या मागे कपाशीचं रान आणि त्याच्या पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. वेचणी सुरू होती, अंगणात कापसाचा ढीग पडला होता. त्या ढिगाच्या कडेला, निंबाखाली, ही जीप सात वर्षं उभी होती. १९८८ सालची महिंद्रा, एमएम ५४०, डिझेलवर चालणारी. पाटी 'एमएच' येण्याच्या आधीची, तीन अक्षरांची. टपाचं कापड उंदरांनी नेलेलं, मागच्या बाजूला कोंबडीने अंडी घातलेली. समोरच्या काचेची चौकट मात्र शाबूत होती. बिजागरीवर ती पुढे बोनेटवर झोपवता येते, ही या जातीच्या गाड्यांची जुनी खूण. चाचा शेवटी पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली गेले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून हातोडीचे हलके ठोके ऐकू येत होते, डॉक्टर पाठीवर बोटं आपटतात तसे. बाहेर आले तेव्हा दाढीत गंज होता. म्हणाले, "चेसी सरळ शे भाऊ. बाकी बठ्ठं व्हई जाई."

याच मुलखात, तापीच्याच काठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. लहानपणी आमचे अण्णा मला तिथे घेऊन गेले होते. घोडा घ्यायचा नव्हता, ऐपतही नव्हती. पण घोडा कसा पाहतात ते पोराने पाहावं, असं त्यांना वाटे. जाणकार माणूस आधी घोड्याच्या अंगावरून हात फिरवी, भोवरे मोजी, कोणता भोवरा कुठे आहे ते पाही. मग ओठ वर करून दात बघे, कारण वयाबद्दल मालक खोटं सांगेल, दात सांगणार नाहीत. सगळ्यात शेवटी घोडा चालवून बघत, आणि तेव्हा तो जाणता माणूस डोळे मिटून नुसता टापांचा आवाज ऐके. चाचांचं चुंबक आणि हातोडी पाहताना मला तो डोळे मिटलेला माणूस आठवला. खानदेशात घोड्यांच्या आणि बैलांच्या जागी गाड्या आल्या. पारख करणारे हात एकाच वळणाचे राहिले.

जीप घ्यायचं माझ्या मनात कधीपासून होतं, हे मला नीट सांगता येतं. १९७२ च्या दुष्काळापासून. मी सहा वर्षांचा होतो. माय खडी फोडायच्या कामावर जायची आणि मला बरोबर न्यायची. रणरणतं ऊन, दगडांवर घण पडल्याचे आवाज, लाल मिलोच्या भाकरीचा तो न उतरणारा घास, आणि सुकडीची वाट बघणारी आम्ही पोरं. अशा एखाद्या दुपारी लांब रस्त्यावर धुळीचा लोट उठायचा. कोणीतरी म्हणायचं, "जीप वनी." आणि सगळ्या बाया पदर सारखा करून घणाला लागायच्या. त्या गाडीतून मोजमाप करणारा माणूस यायचा, हजेरीचं बुक यायचं, कधी पगार यायचा. जीप आली म्हणजे सरकार आलं, असा तेव्हाचा अर्थ होता. आमच्या गावाला सरकार चेहऱ्याने माहीत नव्हतं, आवाजाने माहीत होतं.

हा आवाज कुठून आला, ते फार पुढे वाचनात कळलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला सैन्यासाठी हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. १९४० साली बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला, आणि विलीज आणि फोर्डने युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजच्या गाड्या सुट्या भागांत मुंबईला येऊ लागल्या, महिंद्रांनी त्या इथे जोडल्या, आणि पुढे संपूर्ण गाडीच इथे बनू लागली. लढाईसाठी घडवलेली वस्तू आमच्याकडे आली ती हजेरीबुक, देवीची लस, निवडणुकीचा भोंगा आणि तहसीलदार घेऊन. नव्या देशाला चिखलातून जाणारं काहीतरी हवं होतं, ते त्याला आयतं मिळालं. मला यात कुठे तरी फार मोठा दिलासा वाटतो.

चिखल म्हणताना आमच्या काळ्या जमिनीचा चिखल डोळ्यांसमोर आणावा लागेल. कपाशीची ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून उघडी पडते आणि पहिल्या पावसात लोण्यासारखी होते. तिच्यात पाय गेला की चप्पल वर येत नाही. चाकाला ती थरावर थर चढत जाते, मडगार्ड भरतं, चाक फिरायचं थांबतं. साध्या गाडीचं एक चाक जागच्या जागी गरगरत राहतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. चारही चाकांना जोर मिळाला, तर ती एकमेकांना ओढून काढतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते १९९९ च्या सप्टेंबरात. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका एकत्र होत्या. मी जळगावला कॉलेजात मराठी शिकवायचो आणि माझी ड्युटी चोपडा तालुक्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर लागली होती. मतदान संपवून, मतपेट्यांना लाख लावून आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. सकाळी कोरडा ओलांडलेला नाला आता वाहत होता आणि पलीकडे चढाची लाल-काळी घसरण होती. ड्रायव्हरने गाडी थांबवली. बिडी संपवली. गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे होते, सबंध दिवसात त्याने त्यांना हात लावला नव्हता. एक त्याने सरकवला, पुढची चाकं जोडली. दुसरा सरकवला, तसा इंजिनाचा आवाजच बदलला, खोल गेला. या दुसऱ्या दांड्याने वेग उतरतो आणि जोर जवळजवळ अडीच पट होतो. माणूस चालेल त्याहून सावकाश आमची जीप पाण्यात उतरली, दगडांवरून एक एक चाक उचलून टाकत पलीकडे गेली आणि त्या घसरणीवर न थांबता चढली. आत कोणी बोलत नव्हतं. दोन पेट्या मांडीवर घेऊन मी बसलो होतो. घाईशिवायचा एवढा जोर मी त्याआधी कशात पाहिला नव्हता. वर पोचल्यावर ड्रायव्हरने दोन्ही दांडे जागेवर आणले. म्हणाला, कोरड्या डांबरावर पुढची चाकं जोडून ठेवायची नसतात सर, वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना सारखं अंतर कापायचं नसतं, मग आतले दात एकमेकांना पिळतात. त्या वाक्यावर मी नंतर वर्गात कितीदा थांबलो असेन.

नानांची जीपही सरकारीच होती. त्यांनी आतून प्लास्टिकची पिशवी आणली. सातबारा, सोसायटीची पावती, मुलाची गुणपत्रिका, सगळं त्या एकाच पिशवीत. तिच्यातून आरसी बुक निघालं, पुठ्ठ्याचं, घडीवर चिकटपट्टी लावलेलं. आणि त्याच्यात दुमडलेली लिलावाची पावती. १९९९ ची. पावतीवर गाडीच्या नंबरापुढे टाइपरायटरने उमटवलेलं होतं: 'निर्लेखित वाहन'.

निर्लेखन हा दफ्तरी शब्द मी शिक्षक म्हणून अनेकदा पाहिला होता. मोडक्या खुर्च्या, फुटके ग्लोब, जुनी वाहनं जडवस्तू नोंदवहीतून काढून टाकायची, त्याला निर्लेखन म्हणतात. लिहिलेलं होतं, आता नाही. सरकारच्या लेखी ही गाडी त्या दिवशी संपली होती. नानांच्या लेखी ती त्याच दिवशी सुरू झाली. नानांनी तिच्यातून केळीची खोडं ओढली, खताच्या गोण्या आणल्या, अडल्या बाळंतिणीला शिरपूरच्या दवाखान्यात नेलं. डिझेल वाचावं म्हणून पुढच्या चाकांना जोडणारा शाफ्ट त्यांनी सोडवून ठेवला आणि तो पुढे कुठे गेला ते कोणालाच आठवत नाही. हे सगळं ते सांगत नव्हते, त्यांची बायको सांगत होती. ते फक्त एकदा बोलले. बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "याच गाडीमा मनी पोर सासरे गयी."

व्यवहार ठरला तेव्हा त्यांनी पैसे मोजले नाहीत, मुलाकडे दिले. आणि एक अट घातली. ती शेवटी सांगतो.

लिलावात शेतकऱ्याने सरकारी जीप घ्यायची, ही गोष्टच आता संपली. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीच रद्द झाली, आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यायच्या असा नियम झाला. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे मला पटतं. आमच्या जळगावचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला हवेची किंमत समजावून सांगावी लागत नाही. तरी एवढं नोंदवून ठेवतो, की सरकारच्या दारातून शेतकऱ्याच्या निंबाखाली जाणारी ती जुनी वाट आता बंद आहे. नानांची जीप त्याच वाटेवरून आली होती.

ट्रॅक्टरच्या मागे बांधून आम्ही ती धुळ्याला आणली. चाचांचं गॅरेज मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडमध्ये मी गेले पाच महिने जवळजवळ दर शनिवारी असतो. जळगावहून सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, नव्वदेक किलोमीटर. चहा पिऊन अकराच्या आत पोचतो. मला पान्यांचे नंबर कळत नाहीत, मी फक्त धरायला सांगितलेलं धरतो आणि बघतो. इंजिन उघडलं तो दिवस मला सणासारखा वाटला. हे इंजिन फ्रेंच घराण्याचं, प्यूजोचं. १९७९ च्या परवान्यावर महिंद्रांनी इथे बनवायला घेतलेलं. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास नव्वद मिलिमीटर, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. चाचांनी एका सिलिंडरमध्ये बोट फिरवून मला फिरवायला सांगितलं. भिंत गुळगुळीत होती, तिच्यावर नखाला लागेल अशी कडा वरच्या टोकाला. "इथपर्यंत पिस्टन येतो," चाचा म्हणाले, "तीस वरीस इथपर्यंतच आला." विहिरीच्या दगडावर दोराचा घळ पडतो, तसं ते होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. लोणी-हळद चोळून, वर्षभर जू टेकलेल्या जागी. चाचा ग्रीसची पिचकारी घेऊन गाडीखाली शिरले आणि पाट्यांच्या बुशांना, शाफ्टच्या क्रॉसना, किंगपिनना, एका एका जागी थांबून वंगण भरू लागले. जुनं काळं वंगण बाहेर येऊन नवं दिसू लागेपर्यंत. पुढच्या क्रॉसपाशी पिचकारी थांबली, कारण तिथे शाफ्टच नव्हता. तो शाफ्ट आम्ही मालेगावच्या जुन्या बाजारात शोधला, मग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. मिळाले ते कधी लांबीला कमी, कधी पिळलेले.

आता अशाच एका शनिवारबद्दल. रंगारी पोरगा पाण्याची बादली आणि पॉलिश पेपर घेऊन उजव्या बाजूचा पत्रा घासत होता. सगळ्यात वरचा रंग नानांनी मारलेला, ट्रॅक्टरचा लाल. त्याच्याखाली पांढरा निघाला. पांढऱ्याखाली आणखी एक, पिवळट. आणि पिवळट पातळ होत गेला तशी त्याच्यातून अक्षरं वर आली. आधी एक कान्यासारखी उभी रेघ, मग वरची शिरोरेघ, मग हळूहळू, पाण्यातून माणूस वर यावा तसं: 'महाराष्ट्र शा'. पुढचं सडलेल्या पत्र्याबरोबर गेलं होतं, तिथे लांबी होती. कोणत्या खात्याची गाडी, ते कळायला काही उरलं नव्हतं. हाताने काढलेली अक्षरं. 'ष्ट्र' मोठ्या जिव्हाळ्याने काढलेला, पोटात गाठ घेऊन. पोरगा थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, घासू का ठेवू?"

मला तेव्हा एकदम निर्लेखन या शब्दाचा जुना अर्थ आठवला. आयुर्वेदात जिह्वानिर्लेखन म्हणतात, जीभ खरवडून साफ करणं. निर्लेखन म्हणजे मुळात खरवडणं. दफ्तराने खरवडून जे नाव पुसलं, ते पंचवीस वर्षांनी खरवडल्यामुळेच वर आलं. मी पोराला म्हटलं, आज राहू दे. आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये न थांबता राजवाडे संशोधन मंडळाच्या इमारतीकडे चालत गेलो.

धुळं हे जुनं काही जपायला फार योग्य गाव आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाच्या पोथ्या गावोगाव फिरून इथे आणल्या. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर कागद शोधत हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि १९२६ च्या डिसेंबरात इथेच गेले. वाण्याच्या पुड्यांत जाणारे, वाळवीने अर्धे खाल्लेले कागद त्यांनी सोडवून आणले. तेही कोणीतरी निर्लेखित केलेलेच होते.

आणि राजवाड्यांवरून मला ज्ञानेश्वरीचं ते जुनं प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही, तीस वर्षं शिकवलेलं. तीनशे वर्षांत हातोहात नकला होत ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते, लोकांनी आपल्या ओव्या घातल्या होत्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, मिळतील त्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. आज आपण वाचतो ती मुख्यतः त्या परंपरेतली. राजवाड्यांना ते पुरेसं वाटलं नाही. नाथांच्या आधीची म्हणून त्यांनी जी पोथी मानली, ती त्यांनी १९०९ साली छापली, तिच्या जुन्या भाषेसकट. एकाने लोकांना वाचता येईल असं निर्मळ केलं, दुसऱ्याला सगळ्यात खालचा थर हवा होता. दोघांचंही प्रेम खरं होतं. विद्यार्थ्यांना मी विचारायचो, मूळ कोणतं? ते गप्प बसायचे. मीही उत्तर दिलं नाही कधी, कारण माझ्याकडे नव्हतं. आता पत्र्यावर तोच प्रश्न उभा होता. कारखान्यातून निघाली ती मूळ जीप? 'महाराष्ट्र शासन' लिहिल्यावरची? की नानांची लाल, जिच्यातून नवरी गेली ती?

माझ्या पुतण्याला हा प्रश्न पडत नाही. तो पुण्यात असतो, गाड्यांतलं त्याला माझ्याहून पुष्कळ कळतं. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "काका, इंजिन बदलून टाका, मोठे टायर घाला, पाटे उचला, पुढे लोखंडी बंपर, वर लाइटची पट्टी. हरियाणात मंडी डबवालीला असल्या जीप नव्या करून देतात, बघाल तर ओळखणार नाही." शेवटचं वाक्य त्याने कौतुकाने म्हटलं. त्याचं काही चुकलं नाही. गाडी म्हणजे हाताखालची वस्तू, तिला आपल्या मनासारखं वळवावं, हा आनंद खरा आहे. नानांनीही बाक काढून गोण्यांसाठी जागा केलीच होती. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कारखान्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठाम केलं. ज्यांना हौस आहे त्यांनी हे आधी वाचावं, टायर घेतल्यावर नको. मला कायद्याचा आधार घ्यावा लागला नाही. ओळखू न येणारी जीप मला नको होती, एवढंच मी पुतण्याला सांगितलं. तो ऐकून घेऊन गप्प राहिला आणि जाताना गाडीखाली वाकून चेसीचा फोटो काढून घेऊन गेला.

कायद्याला मूळ म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे. चेसीवर कोरलेला नंबर. बाकी सगळं बदललं तरी तो नंबर म्हणजे ती गाडी. नोंदणीच्या कामाला त्याचा ठसा लागतो. चाचांनी तारेच्या ब्रशने गंज काढला, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, त्यावर पातळ कागद ठेवला आणि मला पेन्सिल दिली. कागदावर शिसं आडवं फिरवत गेलो तसे आकडे पांढरे उमटत गेले. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. अशा लेखांचे ठसे कागदावर घेतात, तसंच काहीसं. माझा हात थरथरत होता. एक आकडा नीट उठेना. चाचांनी कागद सरकू नये म्हणून दोन बोटांनी धरून ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो आकडा उठवला.

रंगाबद्दल मी शेवटी कोणाचंच ऐकलं नाही. गाडी लालच राहणार, नानांचा लाल. आरसी बुकात तोच रंग आहे. खडूचे अकरा गोल कापून तिथे नवा पत्रा जोडला, लांबी कुठेही भरली नाही. वेल्डिंगचे सांधे घासून सपाट केले, तरी तिरप्या उन्हात ते दिसतात आणि दिसू देत. उजव्या बाजूला एक वीतभर चौकोन सोडून रंग मारला. त्या चौकोनात 'महाराष्ट्र शा' आहे. त्यावर गंज चढू नये म्हणून पारदर्शक लॅकरचा हात दिला. रंगाऱ्या पोराने तो चौकोन इतका सरळ काढला, की मी त्याला दोनदा शाबासकी दिली.

गेल्या शनिवारी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. सकाळची थंडी होती. चाचांनी हीटर लावून थांबायला सांगितलं, मग किल्ली फिरवली. दोनदा नुसता घरघर आवाज, तिसऱ्यांदा शेड धुराने भरलं आणि धुरातून तो आवाज आला. ७२ सालच्या जीपचा हा आवाज नव्हे, ती पेट्रोलवर चालायची. तरी मी खडी फोडणाऱ्या बायांत मायला शोधलं. शेजारच्या पंक्चरवाल्याने येऊन बोनेटला हळदकुंकू लावलं. चाचांनी, जे नमाजाला कधी चुकत नाहीत, नारळ पंक्चरवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाले, फोड.

आता नानांची अट. पैसे मुलाच्या हाती देऊन ते माझ्याजवळ आले होते. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. नाना म्हणाले होते, "आखाजीले पोर माहेरले ई. तिले याच गाडीमा लई येवानं शे." मी हो म्हटलं. तिचं सासर सातपुड्याच्या पायथ्याला आहे, गावाआधीचा शेवटचा तुकडा नाल्यातून जातो. एप्रिलात तो कोरडा असतो, मागच्या दोन चाकांवर गाडी सहज जाईल. पण चाचा तसं मानायला तयार नाहीत. ते म्हणतात, पोरीला आणायला अर्धी गाडी न्यायची नाही.

पुढचा शाफ्ट अजून मिळालेला नाही. एमएम ५४० चा, चारही चाकांच्या गाडीचा, न पिळलेला. तुमच्या गोठ्यात, गच्चीवर, जुन्या लोखंडाच्या ढिगात असा एखादा पडला असेल, तर तो किलोवर विकू नका. आधी निरोप द्या. आम्ही आखाजीच्या आत येऊन घेऊन जाऊ.